चारशे जोड्या

“पण का?”

कावेरी होनमानेनं वही बाजेवर आपटली. “इंग्रजीत फॉन्डच्या मागं ऑफच का? टु का नाही? फॉर का नाही?”

“कारण नाही,” अब्बास मास्तर म्हणाले.

“कारण नाही म्हणजे?”

“लोक तसं बोलत आले. शंभर बोलले, त्यांचं ऐकून हजार बोलले. झालं.”

“म्हणजे कारण काहीच नाही. आणि तरी मला हसले?”

मंगळवेढ्याच्या बाहेर मास्तरांचं अडीच एकर रान आहे. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर ते तिथंच लिंबाखाली बाज टाकून बसायचे. ज्याला ज्याला इंग्रजीनं छळलं, तो तिथं यायचा. त्या आठवड्यात रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्या मायाप्पा होनमानेच्या, आणि कावेरी ही मायाप्पाची थोरली मुलगी. धनगराच्या पालात वाढून बी.ए. झालेली, बी.एड. झालेली. तिच्या नात्यात तोवर कुणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी सोलापुरात एका शाळेत तिची मुलाखत झाली. समोर पाच जण होते. मला शिकवण्याची फार आवड आहे, असं ती इंग्रजीत म्हणाली आणि फॉन्डला टु जोडून बसली. पाचही जण हसले. एकानं तर शेजारच्याला कोपरानं ढोसलं. त्यानंतर तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. साधं गावाचं नाव विचारलं, तेही सांगता आलं नाही.

त्या पाचांना स्वतःला शिकवण्याची किती आवड होती, ते कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जागा तशीच राहिली. येत्या सोमवारी पुन्हा बोलावणं होतं. शाळा तीच, माणसं तीच.

दोन महिन्यांत कावेरीनं वही भरली. कुठल्या विशेषणामागं कोणता शब्द येतो, कुठल्या विशेषणाआधी कोणता. मोजून चारशे जोड्या. माणूस गाढ झोपला असेल, तर अस्लीपच्या आधी फास्ट लावायचं. त्या जोडीशेजारी वहीच्या समासात तिनं लिहून ठेवलं होतं, ‘झोपलेल्याला कसली आलीय घाई?’

“घ्या परीक्षा,” ती म्हणाली. “चारशेच्या चारशे विचारा. एक जरी चुकली, तरी सोमवारी मी जात नाही.”

“एक चुकली तरी?”

“एक चुकली तरी. पुन्हा हसायला मी कुणाला कारण देणार नाही.”

“कारण नसताना हसले, असं आत्ताच म्हणालीस.”

“मास्तर, विचारा तुम्ही.”

मास्तरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

“अफ्रेड?”

“ऑफ.”

“मॅरीड?”

“टु. विथ नव्हे.”

“अवेक?”

“आधी वाइड.”

“ग्रेटफुल?”

“आधी डीपली. मागं माणूस असेल तर टु, उपकार असेल तर फॉर.”

मुलगी तयार होती, यात वाद नाही. मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर येत होतं. हनुवटी वर, नजर मास्तरांच्या डोळ्यांत. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. मास्तर मध्येच पाणी प्यायले, ती पाणीही प्यायली नाही.

“फॉन्ड?”

कावेरीनं तोंड उघडलं, मिटलं. ओठ नुसते हलले. तिला तिथं लिंब दिसत नव्हता, मास्तर दिसत नव्हते. तिला ते पाच जण दिसत होते.

“तुला येतं ते,” मास्तर म्हणाले. “त्याच्यावरूनच तर माझ्याशी भांडत होतीस.”

“नाही आलं.”

“कावेरी...”

“न्हाई आलं म्हटलं ना! झालं. संपलं. मी न्हाई जात.”

चिडली की तिची बोली घरची होते. वही तिनं बाजेखाली भिरकावली.

तेवढ्यात रानाच्या त्या टोकाकडून मायाप्पाची हाक आली. “कावेरेऽ! कोकरं पाजायची हायत!”

दिवस कलला की कळप चरून परततो. कोकरं तोवर जाळीच्या कुंपणात कोंडलेली असतात आणि भुकेनं रान डोक्यावर घेतात. मग एकेक कोकरू उचलायचं आणि त्याच्या आईखाली नेऊन लावायचं. मेंढी परक्या कोकराला दूध देत नाही, ढुशी देते. मायाप्पाकडं तेव्हा साठेक कोकरं होती. तुम्हाआम्हाला सगळी सारखीच दिसतील. कावेरी मात्र पाच वर्षांची असल्यापासून हे काम करत होती. आता रागात होती, तरी एका हातानं कोकरू उचलत होती आणि न बघितल्यासारखं करून बरोबर त्याच्या आईपाशी सोडत होती.

मास्तर तिच्या मागोमाग आले. त्यांनी पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.

“मला दे एक.”

“मास्तर, हे तुमचं काम न्हाई.”

“म्हणूनच दे.”

तिनं दिलं. काळ्या तोंडाचं होतं. मास्तरांनी कळपावरून नजर फिरवली आणि काळ्या तोंडाची एक मेंढी हेरली. माणूस शिकलेला, त्यानं रीतसर विचार केला. काळ्याला काळी.

मेंढीनं कोकरू हुंगलं आणि अशी ढुशी दिली, की शहात्तर वर्षांचे अब्बास मास्तर थेट लेंड्यांत जाऊन बसले.

मायाप्पा खो खो हसला. बांधावरून दोघे जण चालले होते, तेही थांबून हसले. आणि कावेरी हसली. पोट धरून हसली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच हसत होती.

मास्तर उठले. चाचपडत चष्मा शोधला.

“दुसरं दे.”

दुसऱ्याचे कान लांब होते. मास्तरांनी लांब कानांची मेंढी शोधली. ती काही ढुशी द्यायच्या भानगडीत पडली नाही. शांतपणे वळली आणि मास्तरांच्या पायांवर मुतली.

बांधावरच्या दोघांपैकी एकानं शिट्टी मारली.

“अवो मास्तर, ती त्याची आई न्हाई!” कावेरी डोळे पुसत ओरडली.

“कशावरून?”

“कशावरून काय? दिसतंय की!”

“मला नाही दिसत. नियम सांग.”

“नियम...” ती थांबली. “नियम कुठला आलाय त्यात? रोज बघतीया. बारकी हुते तवापासनं.”

“तेव्हा चुकायचीस?”

उत्तर मायाप्पानं दिलं. “चुकायची? एक कोकरू आठ दिस भलत्याच मेंढीला लावीत हुती! रोज ढुशी खायाची, रोज पडायची. आन भांडायची माझ्यासंगट, की हीच त्याची आई म्हनून.”

“मग तू हिला हाकललं नाहीस?”

“हाकलून काय करू, मास्तर? कोकरं कुनी पाजायची?”

कावेरीचं हसू विरलं...

मास्तरांनी तिसऱ्यासाठी हात पुढं केले होते. कोपर सोलवटलं होतं. तिनं कोकरू उचललं, पण दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली.

“मास्तर, बास. लागलंय तुम्हाला.”

“दे.”

“मी हसले तुम्हाला.”

“हसण्यासारखंच होतं.”

“त्या परक्या मान्सांम्होरं हसले मी.”

“मोठ्यांदा हसलीस. ऐकलं मी.”

तिनं मान खाली घातली. मग एकदम वर केली, जणू भांडायलाच.

“तुम्हाला लाज न्हाई वाटली?”

“वाटली.”

बांधावरचे दोघे अजून तिथंच होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

“सोमवारी त्ये पाच जन परत हसतील,” कावेरी म्हणाली.

“हसतील.”

“आन मी परत चुकले तर?”

“चुकशील.”

“मग?” तिचा आवाज चिरकला. “मग काय करू मी? तोंड कसं उघडू त्येंच्याम्होरं? सांगा की!”

जाळीत चाळीसेक कोकरं अजून ओरडत होती. मास्तरांनी लेंड्यांनी माखलेले हात सदऱ्याला पुसले. चष्म्याची एक काच तडकली होती. त्यांनी तो तसाच नाकावर सारखा केला आणि हात पुन्हा पुढं केले.

“कोकरू दे.”