सर्जेरावांच्या शेळ्या

दुष्काळानंतरच्या पीक योजनेत गावाला हरभऱ्याचं बियाणं सारखंच मिळालं होतं. तरी शेजारच्या कोंडाबाईचं रान आपल्यापेक्षा गच्च भरलेलं पाहून सर्जेरावांच्या घशाखाली घास उतरेना. पाहणीच्या मॅडम तिच्या बांधावर आल्या, तसे ते न बोलावता तिथे हजर झाले.

"मॅडम, योजनेत मनाई असलेलं खत हिनं चोरून घातलंय! नाहीतर रोपांना एवढे फाटे फुटतील? हिचं नाव काढून टाका."

कोंडाबाई शांतपणे म्हणाली, "खत नाही, मॅडम. कोवळे शेंडे खुडले की हरभऱ्याला फाटे फुटतात."

"एवढं रान खुडायला मजूर लावायची ऐपत आहे तुझी?" सर्जेराव गरजले.

"नाही ना दादा, म्हणून तर तुमचे उपकार! पीक वीतभर असताना मी बाजाराला गेले, अन् तुम्ही कवाड उघडून शेळ्या आत सोडल्यात. मॅडम, तुमच्या कागदावर 'मदत कोणाची झाली' असं विचारलंय ना, तिथं ह्यांचं नाव लिहा."

बांधावरची माणसं हसू लागली. सर्जेरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्यांच्याच शेळ्या तेवढ्यात कोंडाबाईच्या कवाडापाशी जमल्या आणि ते उघडण्यासाठी मालकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.