बिनदाराचा मेंढवाडा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे मी तिथं नव्हतो, आणि असा मुलूख नकाशातही सापडायचा नाही. पण तेवढं सोडलं तर अक्षर न् अक्षर खरं.

त्या मुलखात मेंढवाड्यांना दारं नसत. चारी बाजूंनी दगडी गडगा आणि एका ठिकाणी ये-जा करण्यापुरती मोकळी जागा. दिवस मावळला की मेंढपाळ त्या जागेत आडवा होई आणि एकेकीचं नाव घेऊन म्हणे, “भिऊ नकोस, मी इथंच आहे.” रोज तेच. तरण्या मेंढ्या कंटाळून माना फिरवीत. भुरी नावाची एक लंगडी, म्हातारी मेंढी मात्र ते शब्द गवतासारखे पोटात साठवी आणि निवांत रवंथ करी.

मग दुष्काळ पडला. एक कोकरू डोंगरात हरवलं. मेंढपाळ “येतो” म्हणून त्याला शोधायला गेला, तो परतला नाही. गवत संपलं. कळपाचा पुढारी शिंगाड्या एडका म्हणाला, “नदीपलीकडच्या वाड्यांना लाकडी दारं आहेत. कडीसकट!”

“कडी आतून की बाहेरून?” भुरीनं विचारलं.

“तुला नसत्या चौकशा फार! येतेस की नाही?”

“तो आला आणि इथं कुणीच नसलं तर?”

“मग बस त्याचे शब्द चघळत.”

कळप गेला. उडालेली धूळ खाली बसली. वाड्यात एवढी शांतता पसरली की भुरीला स्वतःचे दात वाजलेले ऐकू येऊ लागले. टेकायला कुणाची कूस नव्हती.

एका सांजेला लांडगा आला आणि मोकळ्या जागेसमोर ऐसपैस बसला.

“आजी, दार नाही, कळप नाही. सावकाश होऊ दे. मला घाई नाही.”

भुरीनं पोटातला जुना घास वर आणला. “भुरे, भिऊ नकोस, मी इथंच आहे.” आवाज तिचाच, चिरका.

लांडगा पोट धरून हसला. “कोण आहे इथं? दाखव की!”

दाखवायला काहीच नव्हतं. मरायचंच तर मेंढपाळाच्या जागेवर, असं म्हणत ती लंगडत त्या मोकळ्या जागेतच गेली. रोजच्या झोपण्यानं तिथली जमीन झिजून खळगी झाली होती. भुरी तीत अंग मुडपून बसली आणि तेच शब्द चघळत राहिली. खळगी उबदार होती.

लांडगा पुढं आला. खळगीच्या कडेला त्यानं नाक लावलं. हसणं थांबलं. कान पाडून, पोट जमिनीला घासत तो मागं मागं सरकला आणि दिसेनासा झाला.

आता कबुली देतो. शिंगाड्या, लांडगा, मेंढीचं बोलणं, सगळं माझ्या पदरचं. खळगी तेवढी मी रचलेली नाही. उजाडल्यावर भुरी उठून बाजूला झाली तेव्हा ती नीट दिसली. या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत दोन्ही हात पसरून झोपलेल्या माणसाच्या आकाराची. मी हात लावून पाहिला. ऊब अजून होती.