म्हाळू सुताराचे ढोल

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांनाही जे ऐकूनच ठाऊक होतं त्या काळी, बोरखिंडीत म्हाळू नावाचा सुतार होता. खोड पोखरून ढोल करावा तो त्यानंच. गावाला मात्र होळीची हौस दांडगी. ढोलीचं म्हातारं झाड पेटलं की आत वारा घुमतो आणि जाळ उंच चढतो, म्हणून दर शिमग्याला असंच झाड शोधायचे. तोडायला कुऱ्हाड म्हाळूची.

एका शिमग्याला शिवारातलं शेवटचं ढोलीचं झाड पडलं. होळी पेटली, तेव्हा त्या ढोलीत राहणारी नीलकंठ पक्ष्यांची जोडी धुराभोवती ओरडत फिरत राहिली. लोक बोंबा मारत होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हाळूला आलं.

त्या दसऱ्याला नीलकंठ दिसला नाही. त्याचं दर्शन नाही तर सोनं कसं लुटायचं? माणसं आपट्याची पानं हातात घेऊन वेशीवर अंधार पडेपर्यंत थांबली आणि तशीच घरी गेली. पुढं नाकतोड्यांनी ज्वारी खाल्ली. त्यांना टिपणारं कोणी उरलंच नव्हतं.

मग म्हाळूनं बापाच्या हातचा ढोल खाली काढला. चामडं सोडवलं, दोन्ही तोंडांना फळ्या ठोकल्या, बाजूला मूठ जाईल एवढं भोक पाडलं आणि ढोल वेशीजवळच्या कडुनिंबावर उंच बांधला.

"म्हाळूतात्या, वाजवायला आता माकडं बोलावनार का?" लोक हसले.

"त्यांचं घर म्या मोडलं," तो म्हणाला, "म्याच बांधून देतो. आलं तर आलं."

नीलकंठ आला नाही. ढोलात साळुंक्या राहायला आल्या, पोपट आले. म्हाळू दर वर्षी नवा ढोल टांगत म्हातारा झाला. हसणारे हसून थकले, आणि एकेक घर आपला जुना ढोल त्याच्या दारात आणून ठेवू लागलं. शेवटी गावात वाजवायला ढोल उरला नाही.

म्हाळू गेला तो दसऱ्याच्या सकाळी. तिरडीपुढं वाजवायला काही नव्हतं, गाव मुकाट चालत होतं. कडुनिंबाखाली आले, आणि पहिल्या ढोलातून नीलकंठ निघाला. मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. आदल्या दिवसापर्यंत एकही दिसला नव्हता! इतके निघाले, की मसणवट्यापर्यंत तिरडीवर ऊन पडलं नाही, असं म्हणतात. झाडांवरचे रिकामे ढोल आपोआप घुमत होते, असंही म्हणतात. खोटं म्हणणारा म्हणो, मी नाही म्हणणार.

बोरखिंडीच्या होळीत आजही गोवऱ्या आणि पाचोळाच जळतो. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरानं वर्षाच्या आत झाडावर एक ढोल टांगायचा. दसऱ्याला सोनं लुटण्याआधी सगळं गाव कडुनिंबाखाली गप्प उभं राहतं. आत पंख फडफडले, की सगळ्यांत म्हातारं माणूस सांगतं, "तात्या घरात हायेत. चला."