खांबाची नाडी

"आधी कुणाला बघू, तेवढं तरी सांगा, बुवा!"

गुणाकर धापा टाकत आत आला. एका हातात काढ्याची पळी, दुसऱ्या हातात औषधाचा खल.

गावोगाव तापाची साथ होती आणि भानुबुवांच्या मठाची ओसरी रोग्यांनी भरली होती. वयामुळे बुवांची बोटं बधिर झालेली, म्हणून नाडी बघायचं काम या शिष्याकडे. आधी काय ऐट त्याची! काढा ढवळता ढवळता एकाची नाडी धरायचा आणि दुसऱ्याला पथ्य सांगायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. आज मात्र गड्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काढा करपतोय, पाटलांचा मुलगा ओरडतोय, दारात आणखी गाड्या येऊन उभ्या आहेत. ज्याची धरावी त्याची नाडी धावतेय! मी एकटा कुठे कुठे पुरा पडू? माझ्या हातून कुणी दगावलं तर..."

बुवांची नजर ओसरीच्या कोपऱ्याकडे वळली.

"बुवा, बोला ना काहीतरी!"

"कोपऱ्यातल्या येसाईचं काय?"

"तिची काळजी नको. नाडी कशी जोरात उडतेय! म्हातारीत दम आहे. घरी ने म्हणून सांगितलंय तिच्या लेकाला."

"हं... आता या खांबाची बघ."

"खांबाची काय?"

"नाडी."

गुणाकरला संतापच आला. बाहेर माणसं मरणाच्या दारात, आणि म्हाताऱ्याला थट्टा सुचतेय! पण गुरूचा शब्द मोडवेना. हातातलं सगळं खाली ठेवून त्यानं सागवानी खांबावर तीन बोटं टेकवली आणि दाबली.

ठक... ठक... ठक...

त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पुन्हा ठेवून पाहिला.

"चालतेय," तो पुटपुटला. "जोरात चालतेय... ही तर माझीच!"

त्यानं गर्रकन वळून पाहिलं. ओसरीच्या कोपऱ्यात येसाईचा लेक आईला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेत होता. तिचा हात नुसता लोंबत होता.

"अरे थांब! नेऊ नकोस तिला!" गुणाकर ओरडतच उंबऱ्याकडे धावला.

"गुणाकर!"

तो थबकला.

"पळू नकोस," बुवा म्हणाले. "सावकाश चालत जा... तिच्यापाशी वेळ फार थोडा आहे."