टिचकूचा दाणा आणि गंजका चाकू

१९ जानेवारी, रविवार. कडाक्याची थंडी. आभाळात एकच ढग, तोही नेमका सूर्यापुढे.

टिचकू उंदीर बिळातून आला. तुरुतुरु, तुरुतुरु! तोंडात एक शेंगदाणा. ओसरीत पाट होता. पाटावर जुना चाकू होता. खिशात मावेल एवढा, अर्धा उघडा, गंजून लाल.

कुंदामावशी असे जुने चाकू आणायची. घासून पुसून लख्ख करायची. हा मावशीचा छंद.

टिचकू चाकूवर चढला. आणि दाणा सुटला! टुप्! थेट चाकूच्या खाचेत, पात्याखाली.

टिचकू म्हणाला,
"चाकूदादा, चाकूदादा, उघड ना!"
"मी गंजलोय रे! आधी तेल पाज, मग उघडतो."

टिचकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु! फळीवर खोबरेल तेलाची बाटली.
"तेलबाई, तेलबाई, ओघळ ना!
चाकू उघडेना,
दाणा निघेना,
मी खाऊ काय?"
"अरे, थंडीने मी थिजलेय! बघ, दगड झालाय माझा. मावशीला सांग, मला उन्हात ठेव."

टिचकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु! दारात कुंदामावशी, मांडीवर मनी.
"मावशी, मावशी, ऊठ ना!
तेल ओघळेना,
चाकू उघडेना,
दाणा निघेना,
मी खाऊ काय?"
"श्शू! हळू बोल रे राजा. मांडीवर मनी झोपलीय. झोपलेल्या मांजराला कसं उठवू?"

आता मनीला सांगायचं? बाप रे! टिचकू खांबामागे लपला. लांबूनच म्हणाला,
"मनीमाऊ, मनीमाऊ, हल ना!
मावशी उठेना,
तेल ओघळेना,
चाकू उघडेना,
दाणा निघेना,
मी खाऊ काय?"
मनीने एक डोळा उघडला.
"तुलाच खाल्लं असतं. पण त्यासाठी उठावं लागेल. बाहेर थंडी आहे बाई! ऊन आलं की उठेन. ढगाला सांग."
आणि डोळा मिटला.

टिचकू पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु! थेट कौलांवर.
"ढगोबा, ढगोबा, सरक ना!
मनी हलेना,
मावशी उठेना,
तेल ओघळेना,
चाकू उघडेना,
दाणा निघेना,
मी खाऊ काय?"
"मला पाय आहेत का रे? वारा ढकलेल, तेव्हा सरकेन."

वारा चिंचेत बसला होता. गाल फुगवून.
"वाऱ्या, वाऱ्या, सूट ना!
ढग सरकेना,
मनी हलेना,
मावशी उठेना,
तेल ओघळेना,
चाकू उघडेना,
दाणा निघेना,
मी खाऊ काय?"
"नाही सुटत जा! मी आलो की सगळे दारं लावतात. धाड! धाड! कुणी या म्हणत नाही, बसा म्हणत नाही."
टिचकूने शेपूट सावरली. दोन्ही हात जोडले.
"या वारेराव, या! बसा!"
"अरेच्चा! मला म्हणालास?"
"तुम्हालाच, वारेराव!"

वारा खुदकन हसला. आणि सुटला, सूंऽऽऽ!
ढग सरकला. ऊन आलं. मनी हलली, उन्हात जाऊन लोळली. मावशी उठली. तिने बाटली उन्हात ठेवली. तेल ओघळलं, टिप् टिप् टिप्! चाकू तेल प्यायला. गट् गट् गट्!

मावशी नुसती बघत बसली.
आतून मावशीचे यजमान, अच्युतकाका आले. म्हणाले, "अगं, ओढ की पकडीने!"
"ओढलं तर पातं तुटेल, अहो. तेलाला आत जाऊ दे."
मावशी थांबली. काका थांबले. टिचकू पाटाखाली थांबला.
मग मावशीने पातं हळूच हलवलं.
किर्र... किर्र... खट्!
चाकू उघडला!

मावशीने गंज घासला. घास घास घास! पातं पुसलं. चक् चक् चक्!
काकांनी हात पुढे केला. "दे बघू."
"हातात नाही हं! चाकू हातात दिला की भांडण होतं. खाली ठेवते, तुम्ही उचला."
"भांडायला आपल्याला चाकू कशाला लागतो!"
मावशी हसली. तिने चाकू पाटावर ठेवला. टक्!
आणि खाचेतून दाणा उडाला. टुणकन्!

चाकू काकांनी उचलला. दाणा टिचकूने उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु, बिळात गेला आणि सगळा खाल्ला. कुडुम् कुडुम् कुडुम्.