धोंडबाची फुंकर

त्या मुलखात म्हशी आणि रेडे राबत, आणि बगळे त्यांच्या पाठीवर बसत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बगळे म्हणत, आम्ही तुमच्या अंगावरच्या गोचिड्या टिपतो, उपकारच करतो. म्हशी म्हणत, खरं आहे बाबा. गोचिड्या काही संपल्या नाहीत आणि बगळे काही उठले नाहीत.

मुलखाच्या मधोमध भट्टी होती. रेडे खाणीतून तांबडा दगड ओढून आणत, म्हशी भाते दाबत, आणि दगडाचं लोखंड होई. लोखंड कुठे जाई ते बगळ्यांना ठाऊक. धूर मात्र इथेच राही. तो रेड्यांच्या छातीत जाऊन बसे आणि खोकल्यावाटे थोडाथोडा बाहेर पडे. बगळे वाऱ्याची दिशा बघून बसत, म्हणून ते पांढरेच राहिले.

भात्यांची एक रीत होती. भट्टीवरचा रेडा मेला की त्याच्या कातड्याचा भाता शिवत. मेल्यावरही बिचाऱ्याचं काम सुटलं नाही, असं कुणी परका म्हणेल. म्हणो. कळपाची समजूत अशी की रेड्याचा शेवटचा श्वास त्याच्या कातड्यात राहतो. म्हणून घरात पारडू जन्मलं की त्याला आज्याच्या भात्यापुढे नेत. घरातली वडीलधारी म्हैस भात्यावर एकदाच पाय देई, फुंकर निघे, पारडू शिंके, आणि त्या शिंकेवर त्याला नाव मिळे. ही फुंकर शिंगांचे कोंब फुटायच्या आत मिळावी लागे. एकदा कोंब फुटले की ती लागत नाही. आणि नाव नसलेल्या जनावराला कळपात कुणी हाक मारत नाही. त्याची आईसुद्धा नाही. ती नुसती घसा खाकरते.

मग कुठल्याशा दूरच्या मुलखात लोखंड स्वस्त झालं. बगळे एका सकाळी पाठींवरून उडाले ते गेलेच. गरज सरो, वैद्य मरो. भट्टी विझली. वीस वर्षं तिथे गंज आणि खोकला यांखेरीज काही वाढलं नाही. भाते कसरीने खाल्ले, उंदरांनी कुरतडले. एकच उरला, तो धोंडबाचा. धोंडबा हा भट्टीवर मेलेला शेवटचा रेडा. त्याची म्हातारी म्हैस गोजरी दर अमावास्येला त्या भात्याला करंजाचं तेल चोळी आणि चोळताना त्याला शिव्याही घाली, कारण जिवंतपणी घालायला वेळ मिळाला नव्हता. त्याच एका भात्यावर वीस वर्षं सगळ्या कळपाची पारडं शिंकली.

आणि मग बगळे परत आले.

या खेपेला त्यांच्याबरोबर रंगाचे डबे होते, दिव्यांच्या माळा होत्या आणि एक नवा शब्द होता. तो शब्द म्हणजे वारसा. त्यांचा म्होरक्या धवलराव भट्टीकडे बघून डोळे मिटून म्हणाला, "अहाहा! काय हे वैभव! आणि तुम्ही हे असं गंजू दिलंत?" म्हशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. आग कुणी विझवली हे विचारायला एकीलाही सुचलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

वर्षभरात त्या मुलखाचं रूप पालटलं. खाणीच्या खड्ड्यात पाणी भरून कमळं लावली. त्या खड्ड्यात किती रेडे गाडले गेले होते ते कमळांना कुणी सांगितलं नाही. राखेच्या टेकडीवर हिरवळ अंथरली. मेलेल्या रेड्यांच्या जोखडांत आरसे बसवले. भट्टीचा भोंगा पूर्वी पाळी सुरू झाली की वाजे, तो आता पाहुण्यांच्या चहाला वाजू लागला. तो वाजला की म्हातारे रेडे अजून दचकून उठत आणि पाहुणे हसत. हे पाहुणे म्हणजे मोर, क्रौंच, गुलाबी रोहित पक्षी, पोपट. ते लांबून येत, "किती खरं वाटतं ना!" म्हणत आणि काळ्या भिंतीला टेकून स्वतःची छबी काढून घेत. भिंत धुतलेली होती, वर काळा रंग दिलेला होता. खरी काजळी पंखांना लागते म्हणून पाहुण्यांची तक्रार आली होती.

म्हशींनाही काम मिळालं. दूध देण्याचं. पाहुण्यांना खीर लागे, बासुंदी लागे. भट्टीच्या अंगणातच धार काढत. धवलरावाच्या ध्यानात आलं होतं की धोंडबाच्या भात्यासमोर उभं केलं की म्हशी लवकर पान्हा सोडतात. बगळ्याचं ध्यान कशावर असतं ते काय सांगायला हवं? त्याने गोजरीला गाठलं.

"गोजरीबाई, हा भाता आम्हांला द्या. काचेत ठेवू. कसर नाही, उंदीर नाही. तुमच्या यजमानांचं नाव होईल."

गोजरी हरखली. इतक्या वर्षांत धोंडबाला कुणी यजमान म्हटलं नव्हतं. तिने भाता दिला. तिची ही चूक झाली, पण मी तिला दोष देणार नाही. आपल्या माणसाचं कुणी कौतुक केलं की भलीभली भुलतात.

भाता काचेत गेला. भोवती दोरी बांधली. दोरीला पाटी लावली: हात लावू नये.

त्यानंतर दोनच महिन्यांनी गोजरीची मुलगी काजळी व्याली. पारडी झाली, लुकलुकत्या डोळ्यांची, कपाळावर चांदणी असलेली. पाचव्या दिवशी गोजरी तिला घेऊन भट्टीवर गेली. दोरीपाशी एका तरुण बगळ्याने तिला अडवलं.

"बाई, पाटी दिसत नाही का?"

"अरे, तो माझा नवरा आहे!"

"असेल. पण आता तो वारसा आहे."

ती धवलरावाकडे गेली. त्याने बसायला गवत दिलं, सगळं शांतपणे ऐकलं, मान हलवली. "फुंकर! वा, वा. हे आम्हांला आधी का नाही सांगितलंत? हे तर पाहुण्यांना दाखवलंच पाहिजे. असं करू, महोत्सवाला घेऊ. सगळ्यांसमोर. पहिली फुंकर तुमच्या नातीला."

"महोत्सव कधी आहे?"

"आहे की, दोन महिन्यांनी."

"तोवर कोंब फुटतील हो!"

"नाही फुटत. आणि हे बघा, महोत्सवाला दूध भरपूर लागणार. तालीम आजपासून सुरू. तेव्हा काजळीचं दूध तोवर आपल्याकडेच. पारडीला शेवटच्या चार धारा आहेतच."

गोजरीने होकार दिला. दुसरं काय करणार होती? नाव हवं होतं.

दोन महिने काजळी रोज भात्यासमोर उभी राहिली आणि बादल्या भरत राहिली. चार धारांच्या दोन झाल्या, दोनांची एक. पारडीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तिला हाक मारता येत नव्हती, म्हणून काजळी घसा खाकरे आणि पारडी धडपडत येऊन रिकामी आचळं चोखे. गोजरी रोज सकाळी नातीच्या कपाळावरून जीभ फिरवून बघे. एक दिवस जिभेला दोन टोकं टोचली. कोंब कातडीखाली आले होते, अजून बाहेर पडले नव्हते. महोत्सवाला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत म्हातारीच्या पोटात घास गेला नाही.

महोत्सव भर दुपारी होता. मोरांनी पिसारे आणले होते, पोपटांनी गळे. धवलरावाने भाषण केलं. भट्टी म्हणजे आपल्या सर्वांच्या कष्टांचं मंदिर, असं तो म्हणाला. आपल्या सर्वांच्या! मागे उभ्या असलेल्या एका रेड्याला त्या वाक्यावर जो खोकला आला तो थांबेना, तेव्हा त्याला बाहेर नेलं. मग दोरी सोडली, काच बाजूला सारली आणि गोजरी नातीला घेऊन पुढे झाली.

भाता चकचकीत दिसत होता. जिवंतपणी धोंडबा इतका धष्टपुष्ट कधीच नव्हता. गोजरीने पारडीचं नाक भात्याच्या तोंडाशी धरलं, मनातल्या मनात 'सांभाळ रे बाबा' म्हटलं आणि पाय दिला.

"फूऽऽऽऽ," असा मोठा आवाज अंगणात घुमला.

"अहाहा!" पाहुणे म्हणाले.

पण पारडीच्या नाकावरचा केससुद्धा हलला नाही. आवाज आला होता तो भिंतीत लपवलेल्या कर्ण्यातून. गोजरीने पुन्हा पाय दिला. पुन्हा तोच आवाज, तितकाच लांब. भाता पायाखाली दबतच नव्हता. आत काहीतरी ठासून भरलेलं होतं.

तिने शिंग शिवणीत घातलं आणि ओढलं.

आतून पेंढा निघाला. पिवळाधमक, कोरडा पेंढा. धवलराव खाली वाकून तिच्या कानाशी कुजबुजला, "बाई, तमाशा करू नका. पोकळ कातडं लोंबतं हो, बघवत नाही. आत काहीतरी हवं ना!"

गोजरीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पेंढ्याचा वास तिच्या ओळखीचा होता. तरुणपणी तिचं पहिलं रेडकू खाणीच्या गाड्याखाली सापडून मेलं होतं. तिसऱ्या दिवशी बगळ्यांनी ते परत आणून तिच्यापुढे उभं केलं. चार काठ्यांवर उभं, डोळे उघडे, मान जरा वाकडी. तिने ते चाटलं. दोन महिने चाटलं आणि दोन महिने दूध दिलं. मग एक दिवस तिच्या जिभेला शिवणीतून बाहेर आलेली पेंढ्याची काडी टोचली होती.

गोजरीने मान वर केली. समोर कमळांचा खड्डा होता, हिरवी टेकडी होती, रंगवलेली भिंत होती. अंगणात तिच्या कळपातल्या सगळ्या म्हशी रांगेने उभ्या होत्या, तोंडं भात्याकडे करून. प्रत्येकीखाली बादली होती.

"अगं बायांनो!" गोजरी हंबरली. "अगं, पेंढा भरलाय गं याच्यात! आपल्याला पुन्हा पेंढ्यापुढे उभं केलंय मेल्यांनी!"

आणि ती त्या भात्यावर तुटून पडली. तोंडाने, शिंगांनी, खुरांनी तिने पेंढा उपसला. पाहुण्यांनी पंख वाजवले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. एक क्रौंच म्हणाली, "म्हातारी काय काम करते हो! अगदी खरं वाटतं." धवलराव हसत होता, पण त्याचा एक पाय वर उचलला गेला होता तो खाली येईना. पेंढा अंगणभर उडाला, आणि सकाळपासून उपाशी उभ्या असलेल्या म्हशींनी तो आधी हुंगला, मग खायला सुरुवात केली.

शेवटी कातडं रिकामं झालं. जमिनीवर पडलेलं, सुरकुतलेलं, एका बाजूने फाटलेलं. आता ते धोंडबासारखं दिसत होतं. काजळी रांग मोडून पुढे आली, फाटलेली बाजू तिने आपल्या गुडघ्याखाली दाबून धरली आणि घसा खाकरला. पारडी आली. गोजरीने पाय दिला.

आवाज झाला नाही म्हटलं तरी चालेल. फाटक्या कातड्यातून निघाली ती अर्धीच फुंकर. पण तिच्याबरोबर कुठल्याशा घडीत राहिलेली भट्टीची वीस वर्षांची काजळी बाहेर आली आणि पारडीच्या नाकावर बसली. पारडीने डोळे मिटले, मान मागे नेली आणि अशी शिंकली की पुढच्या रांगेतल्या रोहिताच्या छातीवर काळा शिंतोडा उडाला.

"धोंडाई," गोजरी म्हणाली.

"धोंडाई," काजळीने हाक मारली.

पाहुण्यांना कार्यक्रम फार आवडला. पुढच्या आठवड्यापासून तो रोज चार वाजता व्हावा असं ठरलं. संध्याकाळपर्यंत बगळ्यांनी कातडं शिवलं, नवा पेंढा ठासला, तेल लावलं, काच पुसली. पाटी मोठ्या अक्षरांत लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे म्हशींना भात्यासमोर आणून उभं केलं. भाता चकचकीत होता. कर्ण्यातून फुंकर घुमली. बगळे आचळांशी बसले, त्यांनी ओढलं, कुरवाळलं, गोड बोलले, चोची मारल्या. म्हशींनी भात्याकडे बघितलं आणि सावकाश, डोळे अर्धे मिटून, कालचा पेंढा रवंथ करत राहिल्या. धवलराव रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बादल्यांत डोकावत गेला. एकीच्याही तळाला थेंब नव्हता. रांगेच्या शेवटी काजळी उभी होती. तिच्या खाली बादली नव्हती. तिथे काळ्या नाकाची एक पारडी ढुशा देत होती आणि तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी फेस ओघळत होता.