ढोली उघडेपर्यंत

शके सोळाशे सव्वीस, तारण नाम संवत्सर, चैत्राचा वद्य पक्ष. तेव्हाही हा बेहडा आजच्याएवढाच उंच होता, असे सांगतात. ढोलीही हीच. वर पाहा, पण बोट दाखवू नका. खोड जिथे दुभंगते त्याच्या खाली लिंपल्यासारखा पट्टा दिसतो आणि त्यात एक उभी फट. ते तिचे दार. आत ककणेराची मादी बसली आहे. तुमच्या पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. बुंध्याशी बिया पडल्या आहेत, त्या तिने फटीतून टाकलेल्या. बिया ताज्या आहेत, म्हणजे ती जिवंत आहे.

करंबमाची लहान गाव. पायऱ्या चढून आलात तेव्हा कड्यावरची गिधाडे पाहिलीत, देवळाच्या शिखरातल्या पाकोळ्या पाहिल्यात. शेकरूही दिसले असेल. वानरांनी कोणाची पिशवी नेली असेल तर ती गेली. हे सगळे दुसऱ्या डोंगरांवरही आहे.

दुसरीकडे नाही ते तुम्ही वरच्या आळीत पाहिलेत. एक तरणा माणूस उंबऱ्यात उभा होता. त्याचे तान्हे पोर समोर सुपात रडत होते आणि तो हात मागे घेऊन नुसता पाहत होता. बायको पाणी ठेवून येईपर्यंत त्याने पोर उचलले नाही. तुमच्यातल्या एक बाई त्याला रागे भरल्या. तो काही बोलला नाही. बोलायचे ते मी सांगतो.

त्या सालाआधीची दोन वर्षे पाऊस आला नव्हता. नाचणीचे बियाणेसुद्धा लोकांनी दळून खाल्ले होते. माचीचा नाईक कडक माणूस होता, पण न्यायाचा होता. त्याने नियम घातला. रानात ज्याला जे सापडेल, कंद असो, उंबर असो, ते काळकाईच्या देवळाच्या अंगणात आणून ओतायचे. मग माणशी वाटणी. चोरून खाईल त्याची वाटणी बंद. या नियमाने माची निम्मी तरी जगली, असे सांगतात. खालची गावे उठून गेली होती. गिधाडे इतकी माजली होती म्हणे, की ती उडेनाशी झाली होती. पायाने ढकलावी लागत.

या माचीवर म्हसू ढेबे राहत असे. शेतावर राखण करायची हे त्याचे काम. गोफणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण राखायला शेतच उरले नाही तेव्हा गोफण खुंटीला लागली. त्याची बायको ठकू फाल्गुनात बाळंत झाली. मुलगी झाली. आठवड्याच्या आत ठकूला ताप भरला आणि तो उतरेना.

पारू सुईण होती. तिने ठकूचे पोट चाचपले आणि बाहेर येऊन म्हसूला म्हणाली, "अंगात वारं शिरलंय. ककणेराचं तेल चोळायला पायजे. न्हाई तर ही बी जाईल आन् पोर बी."

"ककणेर आता कुठं घावंल?"

"आताच घावंल. मादी ढोलीत कोंडलीया. नर तिला भरवायला येनारच. त्याला दुसरी वाट न्हाई."

तेल काढायची रीत तीच होती. पिढ्यान् पिढ्या बाळंतिणीसाठी नर मारला जाई, आणि तो याच दिवसांत मारला जाई, कारण याच दिवसांत तो एका झाडाशी बांधलेला असतो. मागे राहिलेल्या ढोलीकडे कोणी पाहत नसे. मादी आत जाताना मातीने आणि विष्ठेने दार लिंपून घेते. आत तिची पिसे गळतात. तिला उडता येत नाही. नर फटीतून देईल तेवढेच तिचे खाणे. हे सगळ्यांना ठाऊक होते. ठाऊक असून कोणाला त्यात काही वाटत नव्हते.

म्हसू या बेहड्याखाली येऊन बसला. नर आला. त्याच्या पंखांचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा असतो, तो लांबूनच कळतो. नराने घशातून एक उंबर वर काढले आणि फटीत धरले. आतून चोचीचे टोक आले, उंबर घेऊन गेले. दुसरे उंबर फटीत धरलेले असताना म्हसूने दगड सोडला. नर पडला. चोचीतले उंबर खाली घरंगळले. फटीतून चोचीचे टोक पुन्हा बाहेर आले आणि तसेच उघडे राहिले.

म्हसूने ते पाहिले. तरी तो पक्षी उचलून घरी गेला. घरी बायको मरत होती.

पारूने चरबी कढवली. चोच कापून चुलीवर टांगली, तशी रीत होती. ती तेल घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेली. त्या खोलीला एकच दार, त्यालाही घोंगडी लावलेली. ठकूने वास ओळखला.

"नर हाय का?" तिने विचारले.

"नर," म्हसू घोंगडीच्या अलीकडून म्हणाला.

"मादी?"

"ढोलीत."

"पोरं?"

"असतील."

पारू पाठीला तेल चोळत राहिली. मग ठकू म्हणाली, "मी बी ढोलीतच हाय. तुमी दारातनं देता ते खाते. उद्या दिलं न्हाई तर तिच्यावानी चोच उघडून बसायची. तिचा दादला तुमी मारला. आता तिला तुमीच दादला."

पारू हसली. "घ्या," ती म्हणाली, "लोकांना एक पोसवंना, आन् म्हशानं दुष्काळात दुसरी केली."

ठकू हसली नाही. तिने म्हसूला काळकाईच्या नावाने भंडारा उचलून शपथ घ्यायला लावले. तो म्हणाला, "माझ्या वाटणीचं तिचं." ठकूला एवढे पुरले नाही. ती म्हणाली, "तिच्या पोरांना बाप न्हाई. ती बाहेर उडंपतुर माझ्या पोरीला तरी बापाची मांडी कशाला?" म्हसूने तेही बोलून भंडारा उचलला. तोवर त्याने मुलगी एकदाच मांडीवर घेतली होती, असे सांगतात.

त्याने खैराच्या खुंट्या तासल्या आणि या खोडात ठोकल्या. आता त्या राहिल्या नाहीत, खोडाने गिळल्या. अंगणात मिळालेली वाटणी तो तशीच फडक्यात बांधून वर चढे. पहिल्या दिवशी त्याने हाताने उंबर पुढे केले. मादीने बोट फोडले. उंबर घेतले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या खेपेला त्याने चुलीवरची चोच काढली, काठीला बांधली, चोचीत उंबर बसवले आणि ती फटीपाशी धरली.

मादीने घेतले.

त्यानंतर ती रोज घेत गेली. आपल्या नराच्या चोचीतून, पण माणसाच्या हाताने. तिला ते कळत होते की नव्हते, याबद्दल माझ्या चुलत्यांचे आणि माझ्या बापाचे जन्मभर पटले नाही. मी त्यात पडत नाही.

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. म्हसू वाटणीतले कंद कोणाला तरी देई आणि बदल्यात उंबर घेई. स्वतः चिंचेचा पाला खाई. टोळ आणि सरडे वाटणीत धरत नसत, ते तो दोघांत वाटून घेई, अर्धे तिला, अर्धे स्वतःला. नाईकाने त्याला एकदा अडवले.

"वाटणी माणसाच्या नावानं देतो मी. पाखराच्या न्हाई."

"देईपतुर तुमची," म्हसू म्हणाला. "दिल्यावर माझी."

नियम नाईकाचाच होता. त्याने वाट सोडली.

तेलाने ठकूला गुण आला नाही. काही म्हणतात, थोडा आला होता. वैशाखात ती गेली. रोज म्हसू घोंगडीशी आला की ती एकच विचारी, "तिला दिलंत?" शेवटच्या दिवशी तिने विचारले नाही, म्हणून म्हसूने घोंगडी बाजूला केली. तिला कड्याच्या पोटाशी पुरले आणि गिधाडांमुळे वर मोठे धोंडे रचले. म्हसू तिथून थेट झाडावर चढला.

मुलगी नाईकाच्या घरी गेली. नाईकाची बायको सरसा, तिचे स्वतःचे मूल माघात गेले होते. तिने मुलीला अंगावर घेतले. म्हसू रोज नाईकाच्या अंगणात येई आणि लांबून पाही. मुलगी त्याच्याकडे पाहून हात हलवी. सरसा म्हणे, "घ्या की भावजी, देव काय बघत बसलाय व्हय?" तो मागे सरके.

वैशाख सरत आला तेव्हा रानातले उंबर संपले. कंदही खोल गेले. आता अंगणात ओतायलाच काही नव्हते. भुकेल्या माणसाचे कान लांबचे ऐकतात. ढोलीतून आता पिल्लांचा आवाज येत होता.

एका दुपारी नाईक कुऱ्हाड घेऊन आला. मागे माचीवरची हिंडती-फिरती माणसे होती. म्हसू खुंट्यांवर होता.

"खाली ये," नाईक म्हणाला. "आत भरल्या अंगाचे जीव हायेत. सगळ्या माचीला एक येळचं व्हईल."

"एकच येळचं."

"एक तर एक."

"नाईक, मी एक मारून बघितला," म्हसू म्हणाला. "तेल काढलं. चोळलं. ठकू कुठाय?"

नाईकाने कुऱ्हाड हातात तोलली. मग म्हणाला, "मानसावर गोफण चालवशील?"

"पहिला धोंडा तुमाला. मागच्यांचं मागनं बघू."

मागच्यांतला एक जण म्हणाला, "नाईक, त्याचा नेम चुकत न्हाई हां." तेवढ्यात कोणीतरी हसले, असे सांगतात. पण नाईकाने कुऱ्हाड चालवली. खोडावर त्या बाजूला खाच आहे, तिच्यात आता मूठ मावते. म्हसूने गोफण फिरवली आणि सोडली नाही. का सोडली नाही ते त्याने कधी सांगितले नाही. नाईकाने दुसरा घाव घालायला कुऱ्हाड ओढली, ती निघाली नाही. हातात बळ नव्हते. मागचा एक जण पुढे आला आणि दोघे मिळून ओढू लागले.

सरसा आली ती तेव्हा. काखेत म्हसूची मुलगी. ज्या अंगाला झाड पडले असते, त्या अंगाला येऊन ती बसली आणि तिने मुलीला पदराखाली घेतले.

"ऊठ तितनं," नाईक म्हणाला.

"पोर पितीया. पिऊन झालं की उठते."

"मग थांबतो आमी."

"थांबा."

माणसे उन्हात बसली. सरसाच्या अंगात तेव्हा दूध फारसे नव्हते. मुलगी चोखत राहिली, सोडून रडली, पुन्हा चोखू लागली. वरून पिल्लांचा आवाज येत होता. म्हसू खुंटीवर तसाच उभा होता. सावली कलली तसा एक माणूस उठून गेला. मग दुसरा. शेवटी नाईक आणि त्याची बायको उरली. नाईक म्हणाला, "तुला बी भूक लागली आसंल." सरसा म्हणाली, "लागली." मग तोही गेला. कुऱ्हाड खोडातच राहिली.

त्या दिवसापासून या डोंगरावर होळीपासून ढोली उघडेपर्यंत कुऱ्हाड चालत नाही. ककणेराचे तेल करंबमाचीत कोणी काढत नाही. आजही त्या दिवसांत कोणाच्या घरी मूल झाले तर बाप त्याला मांडीवर घेत नाही. मूल रडो, आजारी पडो, पाहुणे काही म्हणोत. रोज सकाळी तो झाडाखाली फळ ठेवतो आणि वर बघून परत जातो. एका साली बारा घरांत अशी मुले होती आणि ज्येष्ठ अर्धा सरला तरी ढोली उघडली नव्हती. एकाही बापाने हात लावला नाही.

म्हसूचे तेवढे सांगून थांबतो.

ज्येष्ठ लागला. त्याने एका सकाळी चोचीत उंबर बसवले आणि फटीपाशी धरले. कुठून आणले होते कोण जाणे. मादीने घेतले नाही. तिने आतून दारावर चोच मारली. पुन्हा मारली. लिंपण सुटून त्याच्या तोंडावर पडू लागले. तो खाली उतरला. त्याला आता उतरायलाही वेळ लागत असे, हाडेच राहिली होती.

मादी बाहेर आली आणि फांदीवर बसली. अंग मळलेले होते. तिने एकेक पंख उघडून पाहिला. पिसे आली होती. तिच्या मागून एक पिल्लू आले आणि धडपडत फांदीला लागले. दुसरे आले नाही. ते आत मेलेले होते, पुढे लोकांना सापडले. म्हसू बघत राहिला. मादीने एकदा आवाज दिला आणि ती दरीकडे उडाली. पिल्लू बसून राहिले. तिने लांबून पुन्हा आवाज दिला. तेव्हा तेही उडाले.

म्हसू नाईकाच्या घरी आला. ओट्यावर बसला आणि त्याने मांडी घातली. सरसा आतून आली. तिने मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली.